मोठेपण आणि मोठेपणा

लग्नसराईत नवी मुंबईतल्या ऐरोली गावात शिरले की कमानीपाशीच फ्लेक्स दिसतो. नवरा-नवरीचा फोटो मधोमध आणि भोवती शुभेच्छुकांची दाटी. प्रत्येक नावाच्या आधी काहीतरी जोडलेले असते: समाजसेवक, कार्यसम्राट, युवकांचे आशास्थान. तिथून चार पावलांवर मांडव असतो. मांडवात एक वयस्क बाई येते. तिला बघून पोरेसोरे बाजूला होतात, कुणीतरी पाट सरकवते, यजमानीण पाण्याचा तांब्या पुढे करते. ही धवलारीण. आगरी-कोळ्यांच्या लग्नात विधी-विधीचे धवळे तीच गाते. हळद कधी लावायची, कलश कुठे मांडायचा, कुणी कुणाच्या हातात काय द्यायचे, हे तिच्या गाण्यातून ठरत जाते. ही गाणी तिने पुस्तकातून पाठ केलेली नसतात. दुसऱ्या एखाद्या म्हातारीच्या मागे वर्षानुवर्षे बसून कानाने उचललेली असतात. घरात कुणी बिल्डर असो की अधिकारी, ती 'थांब' म्हणाली की थांबतो.

फ्लेक्सवर तिचे नाव नसते.

मराठीने हा भेद फार पूर्वी ओळखला आणि एका कान्यात मांडून ठेवला. 'मोठेपण' म्हटले की मान खाली जाते; 'मोठेपणा' म्हटले की भुवई वर जाते. 'मोठा माणूस' या दोन शब्दांत मात्र ही भाषा सगळेच सामावून घेते. बंगलेवाला मोठा माणूस, मंत्री मोठा माणूस आणि साने गुरुजीही मोठा माणूस. ऐकणाऱ्याने सूर ओळखायचा. अरबी-फारसीच्या वाटेने आलेले दोन शब्द तर कानाला जुळे भाऊ वाटावेत: उमराव आणि उमदा. त्यांची मुळे वेगळी आहेत. उमराव हा 'अमीर'चा गोतावळा, दरबारातला. उमदा म्हणजे ज्याच्यावर भार टाकावा असा, भरवशाचा. उमराव व्हायला सनद लागते. उमदे असणे हे रोजच्या वागण्यातून दिसते. आणि ज्याच्याकडे सनद आहे पण वागणूक नाही, त्याच्यासाठी 'नाव मोठं, लक्षण खोटं' ही म्हण घरोघरी तयारच आहे.

तेव्हा पदवी चांगली की वाईट, हा वाद फारसा कामाचा नाही. ती कुणी दिली आणि कशाबद्दल दिली, इथे खरी पारख होते.

महाराष्ट्रातली सर्वांत मोलाची पदवी ज्या प्रसंगी दिली गेली, तो प्रसंग ऐरोलीच्या माणसाला परका वाटू नये, कारण तो एका कोळीवाड्यात घडला. ११ मे १८८८. मुंबईतला मांडवी कोळीवाडा. जोतीराव फुले यांची साठी उलटल्यानिमित्त तिथल्या सभागृहात त्यांचा सत्कार झाला आणि त्यांना 'महात्मा' म्हटले गेले. ही पदवी देण्यात पुढाकार होता विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर यांचा, आणि वंडेकर होते रावबहादूर. रावबहादूर ही इंग्रज सरकारची पदवी. सरकारच्या मर्जीतल्या, सेवेतल्या, प्रतिष्ठित माणसाला मिळायची. म्हणजे त्या दिवशी सरकारी पदवी मिळवलेला एक माणूस उभा राहिला आणि जिच्यामागे ना फर्मान होते ना पगार अशी पदवी त्याने एका माळ्याच्या मुलाला लोकांच्या वतीने दिली. सभागृहातल्या दोन पदव्यांपैकी रावबहादूर ही आज जुन्या नोंदींत राहिली आहे. महात्मा फुले हे नाव शाळांवर, मंडयांवर, रस्त्यांवर आहे.

त्या सभेच्या सव्वादोन महिने आधीची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहायला हवी. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी मेजवानी दिली. व्हिक्टोरिया राणीचा मुलगा येणार म्हणून पाहुणे दागदागिने, भरजरी अंगरखे घालून आले. जोतीराव आले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात. बोलायला उभे राहिल्यावर त्यांनी राजपुत्राला सांगितले की या दिवाणखान्यात बसलेली मंडळी म्हणजे हिंदुस्थान समजू नका; राणीची खरी प्रजा खेड्यांत आहे, ती उपाशी आहे, तिला शिक्षण द्या. त्याआधी पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतखर्चाला विरोध करणारेही तेच होते. ज्यांच्या हाती पदव्या वाटण्याचा अधिकार होता, त्यांच्यासमोर ते असे उभे राहिले. मांडवीच्या लोकांनी नेमके हे पाहिले असणार. १८४८ ची मुलींची शाळा, त्या पायी वडिलांचे घर सोडावे लागणे, १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणे, हा हिशेब चाळीस वर्षांचा होता. लोकांनी पदवी द्यायला घाई केली नव्हती.

आता कुणी म्हणेल, अधिकाराच्या जागेवर बसलेल्या माणसाला हे उमदेपण जमतच नाही का? जमते, आणि त्याचा दाखला कोल्हापुरात आहे. शाहू महाराजांजवळ कुळ, गादी, सैन्य, खजिना सगळे होते. इंग्रज सरकारचे मोठमोठे किताब होते, केंब्रिजची मानद पदवी होती. तरीही १८९९ मध्ये पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहिताने त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्र म्हणायचे नाकारले. छत्रपतींच्या वारसालाही जातीची पायरी दाखवली गेली. असा अपमान झाल्यावर माणूस स्वतःची पायरी उंच करून घेण्याच्या मागे लागतो. महाराजांनी तसा हक्क मागितलाच, पण ते तिथे थांबले नाहीत. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या.

आणि मग गंगाराम कांबळे यांचे चहाचे दुकान. गंगाराम महाराजांच्या पदरी नोकरीला होते. पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना इतर नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगाराम यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितले. त्यांनी कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान उघडले. महाराच्या हातचा चहा कोण पिणार? गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराजांची गाडी त्या दुकानासमोर थांबू लागली. छत्रपती भर रस्त्यात गंगारामांकडून चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि गाडीत बसलेल्या बड्या मंडळींनाही द्यायचे. हुकूम काढून गिऱ्हाईक पाठवणे राजाला सोपे होते. त्यांनी आपला कप आधी उचलला. गादीचा असा उपयोग करणारा राजा विरळा. १९१९ मध्ये कानपूरला कुर्मी क्षत्रिय महासभेने त्यांना 'राजर्षी' म्हटले. त्यांच्या नावामागची इंग्रजी अक्षरे आज सांगा म्हटले तर कोल्हापुरातही कुणाला पटकन आठवणार नाहीत. 'राजर्षी' सगळ्यांना येते.

मात्र शाहूंसारखा राजा कधीतरी मिळतो, आणि त्याच्या भरवशावर व्यवस्था चालवता येत नाही. कोकणच्या लोकांना हे पाठीवरच्या वळांनी शिकवले. खोत ही सुद्धा एक पदवीच होती. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसून वसुली करणारा, वंशपरंपरेने मानाचा धनी. अलिबागजवळच्या चरी गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी आगरी कुळांनी ठरवले की जमीन कसायची नाही. नेते होते नारायण नागू पाटील. सहा वर्षे शेते पडीक राहिली. लोकांनी जंगलातून लाकूडफाटा, करवंदे आणून विकली, पण शब्द मोडला नाही. खोती रद्द करण्याचे विधेयक १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. तो कायदा पुढे १९४९ मध्ये झाला. चरीच्या त्या कुळांना कुणी किताब दिला नाही. सहा वर्षे उपाशीपोटी दिलेला शब्द पाळणाऱ्या माणसांना कुलीन म्हणायचे नाही, तर मग कुणाला म्हणायचे?

ऐरोलीत सेक्टर १५ मध्ये नवी मुंबई महापालिकेने उभारलेले बाबासाहेबांचे स्मारक आहे. तिथल्या ग्रंथालयात जाणाऱ्या मुलांनी राज्यघटनेचे अठरावे कलम एकदा उघडून पाहावे. चार ओळींचा ऐवज आहे: लष्करी किंवा विद्याविषयक मानाखेरीज कोणताही किताब राज्यसंस्था देणार नाही, आणि भारताच्या नागरिकाने परदेशाकडूनही घ्यायचा नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत यावर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी स्पष्ट केले होते की किताब न घेणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे; नागरिकत्वाच्या अटींपैकीच ती एक आहे. ज्या देशात माणसाची पायरी जन्माबरोबर ठरत होती, तिथे ही ओळ लिहिणे साधे काम नव्हते. त्यांच्या स्वतःच्या नावाआधीचे 'डॉक्टर' विद्येचे आहे, म्हणून ते या कलमात बसते. 'बाबासाहेब' लोकांनी दिलेले आहे. त्यावर कुठल्याही कलमाचा अंमल चालत नाही.

पद्म पुरस्कार आणि भारतरत्न याच कलमावरून सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९९५ मध्ये घटनापीठाने निर्णय दिला की हे पुरस्कार म्हणजे किताब नव्हेत, मात्र ते नावाच्या मागेपुढे लावता येणार नाहीत. तरीही निमंत्रणपत्रिकांवर 'पद्मश्री' नावाला चिकटलेले सर्रास दिसते. छापणाऱ्याचा हेतू आदराचाच असतो, हे मान्य. पण आदराच्या नावाखाली आपण पुन्हा पायऱ्या बांधत असतो.

पाटील या शब्दाचेही असेच झाले. गावची वतनी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. ऐरोली, दिवा, राबाडे, गोठिवलीत आज पाटील हे आडनाव आहे, अधिकार नाही. आणि याच आडनावाच्या एका माणसाने अधिकार गेल्यावरचे मोठेपण काय असते ते या पट्ट्याला दाखवले.

दि. बा. पाटील उरण तालुक्यातल्या जासईचे. पनवेलचे पाच वेळा आमदार, दोनदा खासदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते. पदांची ही यादी कुणाही नेत्याला पुरली असती. खाडीकाठच्या गावांत मात्र त्यांना यातल्या एकाही पदाने ओळखत नाहीत, 'दिबा' म्हणतात. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, ९५ गावांची भातखाचरे आणि मिठागरे गेली. जमिनीचा मोबदला देऊन शासन मोकळे होऊ पाहत होते. शहर वसेल, जमिनीचा भाव चढेल, त्यात मूळ मालकाचा वाटा हवा, ही मागणी दिबांनी धरून ठेवली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ऐरोलीत आज 'साडेबारा टक्के' म्हटले की शेंबडे पोरही सांगेल काय ते. गावठाणातल्या ज्या इमारतीत धवलारीण धवळे गाते, त्या इमारतीच्या पायात तो आकडा आहे.

दिबा २४ जून २०१३ रोजी गेले. त्यानंतर आठ वर्षांनी, १० जून २०२१ ला, नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून गावोगावची माणसे रस्त्यावर हात धरून साखळीत उभी राहिली. हयात नसलेल्या, काही देऊ न शकणाऱ्या माणसासाठी लोक उभे राहतात तेव्हा ती पदवी खरी समजावी. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या नावाचा ठराव केला. त्या ठरावाच्या कितीतरी आधी गावांच्या तोंडी 'लोकनेते' होतेच.

म्हणूनच कमानीवरच्या फ्लेक्सचा त्रास होतो. काही जण म्हणतात, पोरांची हौस आहे, चार दिवसांत उतरवतात, कशाला मनावर घ्यायचे. पण शब्द नाण्यासारखे झिजतात. ज्या चौकात दर आठवड्याला नवा लोकनेता जन्माला येतो, तिथे वाढणाऱ्या मुलाला दिबांच्या नावाआधीचा तोच शब्द वाचून काय वाटेल? त्याला हेच कळेल की विशेषण छपाईवाल्याकडे मिळते. जोतीरावांना चाळीस वर्षांनी मिळालेली गोष्ट आज वाढदिवसाच्या आदल्या रात्री पैसे मोजून मिळते, आणि ती मिळाली की माणूस पुढे काही करायचेही थांबतो. हे नुकसान खरे आहे. ज्यांनी गावासाठी खरोखर झिजून काम केले आहे, असे कार्यकर्ते आजही इथे आहेत, आणि या गर्दीत सर्वांत आधी तेच झाकले जातात.

सुरुवात गावानेच करावी, आणि ती अवघड नाही. लग्नाच्या पत्रिकेवर, कमानीवर नुसती नावे छापावीत, विशेषणे नकोत. 'प्रमुख उपस्थिती'च्या यादीत जागा उरतेच. येत्या लग्नसराईत ऐरोलीतल्या एखाद्या घराने तिथे सर्वांत वर आपल्या धवलारणीचे नाव छापावे.