फड संपत आला की कुत्री बांधा



परवापासून आमच्या ओढ्याकडच्या पट्टीला तोड चालू आहे. 265 चा खोडवा आहे, निम्मा लोळलेला. आज दुपारी फड दहा-बारा गुंठ्यांवर आला आणि नेहमीप्रमाणं बांधावर पोरं गोळा झाली. हातात काठ्या, बरोबर सात-आठ कुत्री. गेल्या वर्षीही आली होती, मी परत पाठवली. आजही पाठवली. एक जण जाता जाता म्हणाला, "काका, तुम्ही लईच भित्रे झालाय." झालोय. का झालो ते आज लिहितो.

ज्यांच्याकडं ऊस नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो. ऊस वर्षभर उभा असतो. आत सावली, ओल, खायला ऊस आणि माणसाचा वावर नाही. त्यामुळं डुक्कर, ससा, कोल्हा, मुंगूस, रानमांजर, आमच्या चांदोलीकडच्या भागात बिबट्यासुद्धा आत मुक्कामाला असतो. तोड सुरू झाली की ही जनावरं कोयत्याच्या पुढं पुढं सरकत आत जातात. शेवटी एवढासा तुकडा राहतो आणि सगळी त्यात दाटतात. पोरांना हे ठाऊक असतं. म्हणून शेवटच्या तुकड्याला चहूबाजूंनी कुत्री सुटी सोडायची आणि हाकारा घालायचा. ससा निघाला तर मटण, डुक्कर निघालं तर गावभर चर्चा.

मीही हे केलंय. लहानपणी केलं, मोठेपणीही केलं. तेव्हा मी कुणाला शहाणपणा शिकवायला बसलेलो नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. याच पट्टीत बीडकडची टोळी तोडत होती. तुकडा आठ-दहा गुंठ्यांचा राहिला होता. पोरं कुत्री घेऊन आली. त्या वर्षी डुकरांनी माझा भुईमूग पार उकरून टाकला होता, डोक्यात राग होता. मी म्हटलं, होऊ द्या. एवढंच नाही, वस्तीवर जाऊन माझ्या खंड्याची साखळी मीच सोडली आणि त्याला घेऊन आलो.

ओढ्याच्या बाजूनं दोघं-तिघं आणि चार कुत्री होती. खंड्या त्यांच्यात गेला. हाकारा झाला तशी एक मोठी डुकरीण ओढ्याच्या अंगानं बाहेर पडली. मागं पिल्लं होती. तिला ओढा गाठायचा होता, दुसरं काही नको होतं. पण समोर कुत्री. तिनं तोंड फिरवलं आणि सरळ तोडलेल्या रानात घुसली. तिथं टोळीतल्या बाया मोळ्या बांधत होत्या. ट्रॉलीच्या सावलीला एक तीन वर्षांचं पोर खेळत होतं.

मी खंड्याला हाक मारली. एकदा नाही, दहादा. एरवी शीळ घातली की पायात येणारा कुत्रा, त्यानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. पाठलागाला लागलेल्या कुत्र्याचे कान बंद होतात, हे त्या दिवशी कळलं.

पोराच्या आईनं पोराला उचलून ट्रॉलीवर टाकलं. ती स्वतः चढेपर्यंत डुकरीण आली आणि मांडीला धडकून गेली. अकरा टाके पडले. खंड्यानं डुकरिणीला ट्रॉलीच्या पुढं गाठलं. डुक्कर मान खाली घालून येतं आणि खालून वर झटका देतं, त्यामुळं कुत्र्याला लागतं ते पोटाला नाही तर जांघेत. वरून जखम दोन बोटांची दिसली. डॉक्टरांनी बघितलं तर आत सगळं फाटलेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे गेला.

दवाखान्याचा खर्च मी दिला. देणारच, कुत्रा माझा, रान माझं. पण त्या बाईचे तीन आठवडे बुडाले. तिचा कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल घेतलेली. एकीनं बसून काढलं तर उचल फिटत नाही, पुढच्या वर्षावर जाते. तो हिशोब मी कसा भरणार होतो? थोडेफार पैसे दिले. तिनं घेतले आणि मुकाट गेली. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पोरं म्हणाली, "काका, डुक्कर तसंही तिकडंच पळालं असतं." नाही. ते ओढ्याकडं निघालं होतं, मी डोळ्यांनी बघितलंय. त्याला माणसांवर घातलं ते आमच्या कुत्र्यांनी. माझं म्हणणं एवढंच आहे: सुटं कुत्रं जनावराला कुठं वळवणार हे मालकाच्या हातात राहत नाही. आणि फडाच्या कडेला कायम माणसं असतात, बहुतेक वेळा लहान पोरंही.

आता कुत्र्याच्या बाजूनं बघा. सुटं कुत्रं पाठलागाला लागलं की समोरचं जनावर सोडून त्याला काही दिसत नाही. आपल्या शिवारात कठडा नसलेल्या विहिरी किती आहेत? शेततळी झालीत, त्यात प्लास्टिकचा कागद. कुत्रं आत पडलं की कागदावर पाय ठरत नाही, पोहून पोहून दमतं आणि बुडतं. डुकरासाठी कुणी क्लच वायरचे फासे लावतो, कुणी कुंपणात चोरून करंट सोडतो, कुणी पिठाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवतो. हे सगळं बेकायदा आहे आणि माणसंही त्यात मेलीत. पण कुत्र्याला कायदा कळत नाही. आणि करंटच्या तारेत अडकलेलं कुत्रं सोडवायला मालक धावतो, तेव्हा दुसरा जीव जातो.

बिबट्याचं वेगळं सांगायला नको. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासून अभ्यास केला. वजनाच्या हिशोबानं त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, जवळजवळ 39 टक्के. आपण ज्याला शिकारीला सोडतो तो बिबट्याच्या लेखी शिकार आहे. आणि तोडीच्या दिवसांत फडात पिल्लंवाली मादी असली तर कुत्रं तिला डिवचून आपल्याच पायाशी पळत येतं. मागून कोण येतं ते सांगायला नको.

माझ्या पुतण्यानं मध्ये मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ दाखवले. बुटकी टेरियर कुत्री कोल्ह्याच्या बिळात घुसतात, वर माणसं कुदळी घेऊन उभी. म्हणाला, "काका, असलं एक घेऊया, घोरपड आणि साळिंदर बिळातनं काढतंय." मी माहिती काढली. टेरियर हे नाव लॅटिनमधल्या जमीन या अर्थाच्या शब्दावरून आलंय, जमिनीखाली जाणारं कुत्रं म्हणून. तिकडंही ती बिळात अडकतात, माती ढासळून गुदमरतात. म्हणून गळ्यात खुणेचं यंत्र बांधतात, कुठं खणायचं ते कळावं म्हणून. आणि इंग्लंडमध्येसुद्धा कुत्री घालून रानटी जनावरं मारण्यावर 2004 साली कायदा करून बंधन आणलंय. आपल्याकडं तर बिळात नाग असतो, घोणस असते, साळिंदराचे काटे असतात. एवढुसं कुत्रं आत गेलं की बाहेर काय येईल ते देव जाणे. पुतण्याला म्हटलं, त्या पैशात ठिबकच्या नळ्या बदल.

कायद्याचंही बोलतो, कारण पुष्कळांना वाटतं, बंदूक नाही म्हणजे शिकार नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. मागं लागणं, फासे लावणं, हाकारून नेणं, आमिष दाखवणं आणि यातलं काही करायचा प्रयत्नसुद्धा शिकारच. म्हणजे सशामागं मुद्दाम कुत्रं सोडलं आणि ससा निसटला तरी गुन्हा होतो. घोरपड तर पहिल्या अनुसूचीत आहे, कमीत कमी 3 वर्षं कैद आहे. पोरांनो, हाकाऱ्याचे व्हिडिओ स्टेटसला ठेवता, तो तुमच्याच विरुद्धचा पुरावा आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग डुकरांनी पीक खायचं आणि आम्ही बघत बसायचं का? हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. एका रात्रीत कळप अर्धा एकर मका झोपवतो. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत उरलेलंही जातं, भरपाई मिळाली तर खर्च निघत नाही. नुकसान करणाऱ्या डुकराचा बंदोबस्त करायला वनखात्याची लेखी परवानगी घेण्याची वाट कायद्यात आहे, पण ती वाट आपल्यासाठी सोपी केलेली नाही. यावर आपण एकत्र बोललं पाहिजे, ग्रामसभेत ठराव केले पाहिजेत. पण शेवटच्या तुकड्यात कुत्री घातल्यानं हा प्रश्न सुटत नाही. एक डुक्कर मेलं तरी कळप तिथंच राहतो. आपला राग शांत होतो, एवढाच फायदा. माझाही झाला होता, अर्धा तास.

मी आता काय करतो ते सांगतो. पटलं तर घ्या.

तोड रस्त्याच्या बाजूनं सुरू करायची आणि ओढा, डोंगर किंवा झाडी असेल त्या दिशेनं सरकत जायची. ती बाजू मोकळी ठेवायची, तिथं गाडी नाही, माणूस नाही. संध्याकाळी आठ-दहा गुंठे राहिले तर ते रात्रभर तसेच ठेवायचे. अंधारात जनावरं आपली आपण निघून जातात. टोळीचा मुकादम आणि चिटबॉय कुरकुर करतात, गाडी अर्धी राहते म्हणतात. करू द्यात.

बिबट्याची पिल्लं दिसली तर हात लावायचा नाही, फोटो काढत बसायचं नाही. काम थांबवून बाजूला व्हायचं आणि वनखात्याला 1926 वर फोन करायचा. पिल्लं तिथंच राहू दिली तर मादी बहुतेक वेळा रात्रीत येऊन घेऊन जाते.

तोड असेल त्या दिवशी कुत्री वस्तीवर बांधायची. एरवी रानात न्यायचं तर दोरीला. पण रात्री उघड्यावर साखळीला बांधू नका, तो बिबट्यापुढं वाढलेला घास आहे. गोठ्यात आत घ्या, दार लावा. धनगर आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, ते उगीच नाही. रेबीजची लस दरवर्षी द्या. कोल्हा किंवा मुंगूस चावलं असेल तर कुत्र्याला वेगळं ठेवून लगेच जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि माणसाला चावा बसला तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुऊन सरळ सरकारी दवाखाना गाठा.

कुत्र्याचं काम भुंकणं आहे. माळ्यावर आपण आणि खाली भुंकणारं कुत्रं असलं की डुक्कर निम्म्या वेळा आत शिरत नाही. तेवढं काम तो जिवावर उदार न होता करतो. त्याच्यापुढचं काम आपण त्याच्यावर घालतो ते हौसेखातर.

खंड्याला त्याच पट्टीच्या बांधावर पुरलाय. आज पोरं तिथंच उभी होती. उद्या सकाळी उरलेला तुकडा तोडायचा आहे. ओढ्याची बाजू मोकळी ठेवलीय. नवा कुत्रा गोठ्यात आहे, मघापासून भुंकतोय. भुंकू दे.

तुमच्याकडं तोडीच्या वेळी काय करतात ते लिहा. माझं चुकत असेल तर तेही लिहा.