प्रकाशाचे प्रमाण

आश्विन महिना जवळ आला की कोलकाता शहरात इमारती उगवू लागतात. मैदानात, दोन घरांमधल्या बोळात, तळ्याच्या काठावर बांबूचे सांगाडे उभे राहतात. त्यांवर कापड, प्लायवूड आणि रंग चढतो. आणि षष्ठीच्या आत तेथे एखादे दाक्षिणात्य मंदिर, एखादा राजवाडा किंवा परदेशातील एखादी प्रसिद्ध वास्तू दिसू लागते. हे दुर्गापूजेचे मांडव; बंगालीत त्यांना ‘पँडल’ म्हणतात. काही दिवस लाखो माणसे ते पाहतात आणि विसर्जनानंतर ते उतरवले जातात. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. त्या सन्मानात या मांडवकलेचाही वाटा आहे.

मात्र या कलेची थोरवी कशात आहे, याविषयी एक गैरसमज दृढ होत चालला आहे. जेवढी उंची अधिक आणि जेवढा झगमगाट अधिक, तेवढे कौशल्य अधिक, असे मानले जाते. प्रतिकृती बांधण्याचे शास्त्र वेगळेच सांगते. मूळ वास्तूच्या भिंती जशा ठरावीक प्रमाणात लहान कराव्या लागतात, तसाच तिचा प्रकाशही लहान करावा लागतो. आणि हे दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड असते.

प्रमाण म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील मुलांना दिवाळीच्या किल्ल्यावरून समजावून सांगता येईल. मातीच्या किल्ल्यावर महाराजांची मूर्ती बुरुजाहून उंच असते आणि मावळा दरवाजातून आत जाऊ शकत नाही. तेथे ते शोभते, कारण तो भक्तीचा आणि खेळाचा विषय आहे. पण रेल्वेची हुबेहूब प्रतिकृती करणाऱ्या छांदिष्टाला ही मोकळीक नसते. जगभर सर्वाधिक रूढ असलेल्या प्रमाणात प्रत्येक वस्तू मूळ आकाराच्या सत्याऐंशीव्या भागाएवढी असते, म्हणजे एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. या हिशेबाने दोन मीटर उंचीचे दार २३ मिलिमीटरचे होते आणि दाराशी उभा असलेला हमाल दोन सेंटीमीटरचा. हावड्याचे १९०५ साली उभारलेले लाल विटांचे स्थानक याच मापाने करायचे ठरवले, तर फलाटाला लागलेली चोवीस डब्यांची गाडीच सुमारे साडेसहा मीटर लांब होईल. घरातील कोणत्या खोलीत ती मावणार? म्हणून कारागीर लांबीत काटछाट करतो, डबे कमी करतो. पण दार, खिडकी आणि माणूस यांच्या मापाला हात लावत नाही. कोठे खोटे बोलावे आणि कोठे बोलू नये, हे त्याला कळलेले असते.

आता या पुठ्ठ्याच्या इमारतीत दिवा लावू या. येथे पहिला चकवा बसतो. पाच मिलिमीटर व्यासाचा साधा एलईडी त्या घरात ४३ सेंटीमीटर व्यासाच्या तेजस्वी गोळ्याएवढा ठरतो. तो लावताच पुठ्ठ्याच्या भिंती कागदी कंदिलासारख्या उजळतात, कोपऱ्यांच्या फटींतून प्रकाशाच्या रेषा बाहेर पडतात आणि खिडक्या हरवतात. महिनाभराची मेहनत एका बटणासरशी उघडी पडते. अनुभवी हात आधी भिंतींना आतून काळा रंग देतात किंवा चकाकता वर्ख चिकटवतात, कोपरे बुजवतात आणि खिडक्यांमागे बटर पेपर लावतात. खोल्यांमध्ये पडदे घालतात, म्हणजे एका खोलीचा उजेड दुसरीत जात नाही. छप्पर मात्र पक्के चिकटवीत नाहीत. दिवा गेला तर तो बदलणार कसा?

मग प्रश्न येतो तेज कमी करण्याचा. पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात. पुरवठा बारा व्होल्टचा असेल, तर उरलेल्या नऊ व्होल्टचा भार रोधकाने, म्हणजे दुकानात ज्याला रेझिस्टन्स म्हणतात त्याने, पेलायचा असतो. साडेचारशे ओहमचा रोधक लावला तर दिवा पूर्ण तेजाने जळतो. साडेचार हजार ओहमच्या आसपासचा लावला तर विद्युतप्रवाह दहापट कमी होतो आणि खिडकीत माणसे राहत असावीत असा उजेड दिसतो. रंगही पाहावा लागतो. निळसर पांढरा प्रकाश जुन्या घराला शोभत नाही, तेथे पिवळसर हवा. शिवाय सगळ्या खिडक्या उजळून चालत नाही. रात्री नऊ वाजता कोणत्याही इमारतीत काही खोल्या अंधारात असतातच. ज्या कारागिराला चार खिडक्या काळ्या ठेवण्याचे धैर्य होते, त्याचेच घर खरे वाटते.

पुण्यात कोथरूड भागात भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले. तेथील छोट्या शहरात गाड्या धावतात, सिग्नल पडतात, याचे मुलांना कौतुक वाटतेच. पण खोलीतील उजेड मंद होऊन ते शहर आपल्याच इवल्या दिव्यांवर उरते, तेव्हा मोठी माणसेही गप्प होतात. हा परिणाम मोठ्या दिव्यांनी साधला नसता.

कोलकात्याजवळही या ज्ञानाची एक जुनी पेठ आहे. हुगळी नदीकाठचे चंदननगर हे गाव १९५० पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात होते. आज ते ओळखले जाते दिव्यांच्या कामासाठी. श्रीधर दास यांचे नाव या कलेच्या आद्य कारागिरांत आदराने घेतले जाते. एलईडी येण्यापूर्वी तेथे ‘टुनी’ नावाचे बारीक बल्ब वापरत. सहा व्होल्टचे छत्तीस बल्ब एका माळेत ओवले की घरगुती २२० व्होल्टचा भार त्यांच्यात वाटला जाई. एक बल्ब गेला की अख्खी माळ विझे, आणि कारागीर अंधारात एकेक बल्ब तपासत बसे. चित्र हलते करण्यासाठी तांब्याच्या पट्ट्या बसवलेला लाकडी रूळ मोटरने फिरवीत. पट्टी जेथे टेकेल तेथली माळ पेटे आणि सरकली की विझे. दिव्यांचा हत्ती सोंड हलवताना दिसे तो या युक्तीने. सोंडेच्या तीन अवस्थांपैकी दोन त्या क्षणी अंधारात असत, म्हणूनच तिसरी दिसे. संगणकीय नियंत्रक येण्याच्या कितीतरी आधी या माणसांनी विझवण्याची कला आत्मसात केली होती.

या पार्श्वभूमीवर २०२१ सालची घटना आठवावी. विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत श्रीभूमी स्पोर्टिंग क्लबने दुबईतील बुर्ज खलिफाची प्रतिकृती उभारली. मूळ मनोरा ८२८ मीटरचा. मांडव दीडशे फुटांच्या आसपासचा, म्हणजे साधारण अठरावा भाग. त्यावर लेझर किरणांचा खेळ सुरू झाला. वैमानिकांनी तक्रार केली आणि तो खेळ बंद करावा लागला. पुढे गर्दी इतकी वाढली की मांडव पाहण्यास बाहेरून येणाऱ्यांना प्रवेश थांबवावा लागला. बांबूच्या कामाबद्दल त्या कारागिरांचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण अठराव्या भागाच्या मनोऱ्यापाशी उभा राहणारा माणूस खरे तर साडेनऊ सेंटीमीटरचा हवा, आणि येथे तर पूर्ण उंचीची माणसे दारातून आत जात होती. प्रत्येक मांडवाची ही अडचण आहे. वर प्रमाण पाळावे आणि खाली ते मोडावे, हे त्याच्या नशिबीच असते. अशा वेळी प्रकाशच मदतीला येऊ शकतो. पायथा मंद ठेवला आणि वरच्या मजल्यांना आतून उजाळा दिला, तर डोळा ती तफावत विसरतो. बाहेरून टाकलेले झोत नेमके उलट करतात.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. ज्यांना दुबई कधीच पाहता येणार नाही, त्या माणसांना रोषणाईचा आनंद घेऊ द्यावा. उत्सवात मोजपट्टी कशाला? उत्सव डोळे दिपवण्यासाठीही असतो, हे खरेच आहे. परंतु त्याच प्रेक्षकाला कमी दर्जाचे दिले तरी चालते असे मानणे, हा त्याचा सन्मान नव्हे. घरोघरी आकाशकंदील करणाऱ्या माणसाला ठाऊक असते की कागद जाड असेल तर उजेड मरतो आणि आतला दिवा मोठा असेल तर कंदिलाचा आकार मरतो. ही जाण गर्दीतही असते. तिला दाद देणारे कोणीतरी हवे असते. एशियन पेंट्सचा ‘शरद शम्मान’ पुरस्कार १९८५ साली सुरू झाल्यानंतर मांडवांच्या कलात्मकतेला स्पर्धेचे बळ मिळाले. मग प्रकाशाच्या नेमकेपणालाही स्वतंत्र गुण का असू नयेत?

असे गुण ठेवले तर आणखी एक गोष्ट घडेल. मांडवाच्या फलकावर संकल्पनाकाराचे नाव असते, मूर्तिकाराचेही असते. माळा ओवणारा, रोधकाचा हिशेब करणारा, शिडीवर रात्र काढणारा वायरमन बहुधा निनावी राहतो. त्याचे ज्ञान वहीत नसते, उस्तादाच्या हाताखाली मिळालेले असते. भूमिती, वीजशास्त्र आणि चित्रकला या तिन्ही विषयांचा अभ्यास त्याने शाळेबाहेर केलेला असतो. परीक्षेच्या भाषेत तो मांडता येत नाही म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही. व्यवसाय शिक्षणाच्या वर्गात पुठ्ठ्याचे एक घर बांधून आतून उजळण्याचे काम दिले, तर त्याच्यासारखा शिक्षक शोधावा लागेल.

दशमीनंतर कोलकात्यातील बांबू सुटतात आणि चंदननगरचे कारागीर आपापल्या माळा गुंडाळू लागतात. कार्तिकात त्यांच्या स्वतःच्या गावी जगद्धात्रीची पूजा असते. तिच्या मिरवणुकीतल्या दिव्यांना गावकरी परके प्रेक्षक म्हणून नव्हे, तर जाणकार म्हणून पाहतात. तेथे एक माळ जरी चुकीच्या क्षणी पेटली, तरी शेजारचा म्हातारा ती बोट दाखवून सांगतो.