बेनामी आकडे

सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या कुठल्याही खोलीत डोकावून बघा. स्क्रीनवर आकड्यांची रांग लागलेली असते : ४ ५ ४, ४ ५ ४, ४ ५ ४... मदतीला बोलावलेला पार्टनर विचारतो, "अरे, यातला लो कुठला?" उत्तर येतं, "थांब, कोड बघून सांगतो."

माझं स्पष्ट मत आहे : नाव न छापता नुसते आकडे छापणं याला डिबगिंग म्हणत नाहीत, मटका म्हणतात!

वरची रांग बायनरी सर्चची आहे. तीच नावासकट छापा : लो=४, हाय=५, मिड=४. चार अधिक पाच भागिले दोन, पूर्णांकात चारच. कोडमध्ये 'लो = मिड' लिहिलं असेल तर लो चारावरून हलणारच नाही आणि लूप काही संपणार नाही. तिथे 'मिड + १' हवं. झालं, एका ओळीत रोग सापडला.

"तीनच तर व्हेरिएबल आहेत, लक्षात राहतात की!" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. रात्री अकराला राहतात हो, पहाटे तीनला नाही. त्याहून मोठा धोका म्हणजे बेनामी आकडा आपल्याला हवा तसा वाचता येतो. पाच यायला हवा होता आणि पाच दिसला की आपण खूश, मग तो भलत्याच व्हेरिएबलचा का असेना! कुणी म्हणेल, जीडीबी शिका. जरूर शिका. पण तिथेही व्हॅल्यू नाव घेऊनच मागावी लागते.

एक मात्र सांभाळा. प्रिंटची ओळ कॉपी-पेस्ट केली, व्हेरिएबल बदललं आणि लेबल तसंच राहिलं, तर 'लो=' या पाटीखाली हायची व्हॅल्यू छापली जाते. पाटी नसलेली परवडली, पण खोटी पाटी नको. म्हणून नाव मशीनलाच लिहू द्या. सीमध्ये १९८९ च्या स्टँडर्डपासून मॅक्रोत हॅश चिन्ह वापरून व्हेरिएबलचं नाव स्ट्रिंग म्हणून मिळतं. २०१९ मध्ये आलेल्या पायथॉन ३.८ पासून एफ-स्ट्रिंगच्या महिरपी कंसात नावापुढे बरोबरचं चिन्ह टाकलं, की नाव आणि व्हॅल्यू दोन्ही छापले जातात. रस्टचा डीबीजी मॅक्रो तर फाइल आणि ओळ क्रमांकही सांगतो.

सर-मॅडमना एक विनंती. पहिल्या वर्षाच्या जर्नलमध्ये बेनामी आउटपुट दिसलं तर खुशाल परत करा. पोरं एक टर्म कुरकुरतील. पण फायनल इयरच्या प्रोजेक्टला दुसऱ्याचा कोड हातात आला, की तुमचीच आठवण काढतील.