अवकाळी पाऊस आणि आपलें घर

पावसाळ्याचें स्वागत करण्यास आपलें घर जितकें सिद्ध असतें, तितकेंच तें हिवाळ्याच्या अखेरीस आलेल्या पावसापुढें असहाय ठरतें. मृग नक्षत्र जूनच्या ७ किंवा ८ तारखेस लागतें, हें शेतकऱ्याच्या लहान मुलासही ठाऊक असतें. म्हणून वैशाख सरतां सरतां कोंकणांत घरें शाकारलीं जातात, मराठवाड्यांत धाब्याच्या घरांवर पांढरी माती चढविली जाते, आणि सरपण, धान्य, मीठ-मिरची यांची बेगमी करण्याची एकच घाई उडते. ही सर्व तयारी एका ठराविक पाहुण्यासाठीं असते. तोच पाहुणा माघ-फाल्गुनांत, निमंत्रणावांचून, दारांत येऊन उभा राहिला कीं आपण त्यास ‘अवकाळी’ असें नांव देतों, आणि त्या एका शब्दानें स्वतःची सारी जबाबदारी झटकून मोकळे होतों. माझें म्हणणें असें आहे कीं, पाऊस अवकाळी असेल. परंतु घरांत शिरणारें पाणी बहुधा अवकाळी नसतें. त्याची वाट आपणच कोरड्या महिन्यांत, रोज थोडी थोडी, तयार करून ठेविलेली असते.

प्रथम हा पाऊस खरोखरच इतका दुर्मिळ आहे काय, तें पाहूं. हिवाळ्यांत भूमध्य समुद्राच्या बाजूनें निघालेलीं हवेचीं आवर्तें इराण व अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाकडे येतात आणि काश्मीर-पंजाबास पाऊस व बर्फ देतात. उत्तरेकडील गव्हास त्या पावसाचा मोठा आधार असतो. त्यांपैकीं एखाद्या आवर्ताचा प्रभाव दक्षिणेकडे अधिक पसरला, आणि त्याच वेळीं अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागरावरून बाष्पानें भरलेले वारे आले, म्हणजे महाराष्ट्रावरही गडगडाटासह पाऊस पडतो. जमिनीलगतची हवा तापूं लागलेली व वरची हवा अद्याप अतिशय थंड, अशी स्थिति असल्यामुळें गाराही पडतात. सन २०१४ मध्यें फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत असाच पाऊस व गारपीट राज्याच्या बहुसंख्य जिल्ह्यांत झाली. गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षें यांची धूळधाण उडाली. मार्च २०१५ मध्यें व पुन्हा मार्च २०२३ मध्यें अवकाळी पावसानें शेतकऱ्यास रडविलें. हवेचें तापमान एक अंशानें वाढलें कीं तिची बाष्प धारण करण्याची शक्ति सुमारें ७ टक्क्यांनीं वाढते, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. आणि पृथ्वी तापत आहे, याविषयीं शास्त्रज्ञांत आतां वाद उरलेला नाहीं. तेव्हां जो पाहुणा वारंवार येतो, त्यास अनपेक्षित म्हणण्यांत अर्थ नाहीं.

आतां या दिवसांत आपलें घर कोणत्या अवस्थेंत असतें, तेंही पाहावें. शिशिर हा पानगळीचा ऋतु. अंगणांतल्या बदामाचीं व रस्त्यावरच्या पिंपळाचीं पानें पन्हळींत, गच्चीच्या भोकाशीं आणि गटारांत येऊन बसतात. आश्विनांत पाऊस गेल्यापासून माकडांनीं व मांजरांनीं सरकविलेलीं कौलें तशींच पडून असतात. कारण पाऊस नसला म्हणजे गळतीची आठवण कोणास राहत नाहीं. धाब्याच्या मातीला उन्हानें भेगा पडलेल्या असतात. बांधकामाचा हंगाम कोरडा असल्यामुळें वाळू व खडी यांचे ढीग गटाराच्या कडेस, कित्येकदां गटारांतच, ओतलेले दिसतात. ज्या नाल्यांत चार महिने पाणी खळाळत होतें, तो आटला म्हणून कचरा टाकण्याची हक्काची जागा होऊन बसतो. नगरपालिकेची नालेसफाई व्हावयाची ती पावसाळ्याच्या तोंडावर. म्हणजे फाल्गुनांत तो नाला वर्षांतील सर्वांत घाणेरड्या स्थितींत असतो. त्यांतून गारा पडल्या, तर त्याही नेमक्या अरुंद तोंडाशीं सांचून पाण्यास बूच मारतात. अशा रीतीनें थोडासा पाऊसही घरांत यावयास पुरेसा होतो.

पाण्याचें मान किती असतें, याचा हिशेब आपल्या शाळेंतील कोणत्याही मुलास करतां येईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. एखाद्या लहान घराचें छप्पर ४० चौरस मीटर धरा, आणि तासाभरांत २५ मिलिमीटर पाऊस पडला असें समजा. केवळ छपरावरून १,००० लिटर पाणी खालीं येईल; १५ लिटरांच्या घागरीनें मोजलें तर ६६ घागरींहून अधिक. अंगणासह सारी जागा २०० चौरस मीटर असेल तर ५,००० लिटर. आणि गल्लींत अशीं २० घरें असतील तर एका तासांत १,००,००० लिटर. त्यांतलें कांहीं पाणी जमीन पिऊन टाकील हें खरें. पण जेथें फरशी व सिमेंट आहे तेथें तीही सोय उरलेली नाहीं. हें पाणी नाहींसें होत नाहीं. तें उतार शोधीत जातें, आणि त्या उताराला कोणाचें तरी घर असतेंच.

या प्रश्नाची खरी मेख येथेंच आहे. गल्लीच्या वरच्या टोकास राहणारा गृहस्थ आपल्या गच्चीचें पाणी नळीनें रस्त्यावर सोडतो, अंगणांत मुरूम टाकून जागा उंच करून घेतो, आणि गटार फरशीनें झांकून तिच्यावर आपली गाडी उभी करतो. त्याच्या घरांत पाणी शिरत नाहीं. म्हणून तो स्वतःस मोठा दूरदर्शी समजतो. परंतु त्याची ती दूरदृष्टि खालच्या टोकाच्या खोलींत गुडघाभर पाणी होऊन उभी राहते. तेथें बहुधा एखादा भाडेकरू किंवा मजूर राहत असतो, कारण सखल जागा स्वस्त असते. मध्यरात्रीं उठून तपेल्यानें पाणी उपसणें, भिजलेलें पीठ टाकून देणें, आणि ओल्या अंथरुणांत मुलांस कसेंबसें निजविणें, हें काम त्या घरांतील स्त्रियांच्या वाट्यास येतें. शिवाय हे दिवस परीक्षेचे. शेतांतील पिकाचा पंचनामा होतो, पडलेल्या भिंतीचाही होतो. परंतु मार्चमध्यें शालान्त परीक्षेस बसणाऱ्या मुलाच्या वह्यांचा एका रात्रींत लगदा झाला, तर तें नुकसान कोणत्या पंचनाम्यांत लिहिलें जातें?

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, गटारें साफ ठेवणें हें नगरपालिकेचें किंवा ग्रामपंचायतीचें काम आहे, आणि त्यासाठींच आपण कर भरतों. हें अगदीं रास्त आहे. तें काम होत नसेल तर लेखी तक्रार करण्याचा आळस कोणीं करूं नये. परंतु नगरपालिकेचा सेवक आपल्या छपरावर चढून पन्हळ साफ करणार नाहीं, आणि गटारांत पिशवी टाकणारा हात नगरपालिकेचा नसतो. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसापुढें कोणतेंही गटार पुरें पडलें नसतें. तरी भरावानें व अतिक्रमणानें अरुंद झालेली मिठी नदी आणि प्लास्टिकनें तुंबलेलीं गटारें यांनीं त्या संकटांत मोठी भर घातली. पुढें २०१८ मध्यें महाराष्ट्र सरकारनें प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली; परंतु आपल्या गल्लींतील गटाराचें झांकण उचलून पाहणारास ती बंदी दिसेलच, असें नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. रोजंदारीवर पोट भरणाऱ्यानें वर्षांतून दोनदां घर कसें शाकारावें? हा प्रश्न मी मान्य करतों. परंतु मी दुसरी शाकारणी सुचवीत नाहीं. दुसरी पाहणी सुचवितों. पाहणीस पैसा लागत नाहीं. भर दुपारीं दारें-खिडक्या लावून खोलींत उभें राहावें व वर पाहावें. ज्या फटींतून ऊन आंत येतें, त्याच फटींतून पाणी येणार; अशा रीतीनें गळतीच्या जागा सूर्यच मोजून देतो. सरकलेलें कौल जागेवर बसविणें, पन्हळींतला पाला काढणें, गच्चीचें भोक मोकळें करून त्यांत तांब्याभर पाणी ओतून पाहणें, यांस एक सकाळ पुरते. मात्र छपरावर मुलांनीं चढूं नये. तें जाणत्या माणसाचें काम आहे.

एवढें करूनही पाणी आलेंच, तर धीर न सोडतां कामांचा क्रम ठरवावा: आधीं माणसें, मग पाणी व अन्न, मग कागदपत्रें, आणि शेवटीं सामान. वृद्ध, आजारी व तान्हीं मुलें यांस प्रथम उंच व कोरड्या जागीं न्यावें. आपण कोरड्या जागीं उभे असूं तरच विजेचा मेन स्विच बंद करावा. पाणी तेथवर चढलें असेल तर त्यास हात लावूं नये. रस्त्यावरील वाहत्या पाण्यांत पाऊल टाकूं नये, कारण पाण्याखालीं काय आहे तें दिसत नाहीं; ऑगस्ट २०१७ मध्यें मुंबईंत एक नामांकित डॉक्टर अशाच पाण्याखालील उघड्या मॅनहोलांत पडून प्राणास मुकले. पाणी ओसरल्यावर पिण्याचें पाणी उकळून घ्यावें, आणि ज्या विहिरींत पुराचें पाणी गेलें तिच्यांत, खेड्यांत जिला टीसीएल म्हणतात ती विरंजक पूड, जाणकाराकडून टाकून घ्यावी. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस हा रोग होतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईंत तो फैलावला होता. म्हणून पायांस जखम असतां त्या चिखलांत उतरूं नये, आणि नंतर ताप आल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

विद्यार्थिमित्रांनो, तहान लागल्यावर विहीर खणूं नये, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पाऊस आल्यावर गटार उकरूं नये, ही त्याच शिकवणीची दुसरी बाजू होय. माझी सूचना अगदीं साधी आहे. संक्रांतीनंतरचा पहिला शनिवार प्रत्येक घरानें या पाहणीसाठीं राखून ठेवावा. आपलें छप्पर, आपली पन्हळ व आपल्या दारापुढील गटार पाहून झालें, म्हणजे तेवढ्यावर न थांबतां आपल्या गल्लींतील सर्वांत सखल घरीं जावें आणि तेथील काकूंना विचारावें, “काकू, गेल्या खेपेस पाणी कोणत्या बाजूनें आलें?” त्या ज्या दिशेकडे बोट दाखवितील, ती दिशा पुष्कळदां आपल्याच घराची निघेल. तसें झाल्यास संकोच न मानतां फावडें उचलावें, आणि तेथूनच कामास प्रारंभ करावा.