सेल्फ का रुसला?

सकाळची वेळ. दप्तर पाठीवर, डबा पिशवीत. बाबा मोटरसायकलवर बसतात, किल्ली फिरवतात आणि सेल्फचं बटण दाबतात. 'टक!' एवढाच आवाज. पुन्हा बटण, पुन्हा 'टक!' दिवा लागतो, हॉर्नही वाजतो, पण इंजिन काही फिरत नाही. शेजारचे काका ओट्यावरूनच निकाल देऊन टाकतात, "बॅटरी गेली तुमची. नवी टाका!"

दोस्तांनो, जरा थांबा. नवी बॅटरी म्हणजे खिशाला हजार-दोन हजारांची चाट. पुष्कळदा बॅटरी अगदी ठणठणीत असते, सैल झालेला असतो तो फक्त एक चिमुकला बोल्ट!

पण मग हे कोडंच की! दिवा लागतो म्हणजे वीज येते आहे. बोल्ट सैल असेल तर दिवासुद्धा लागायला नको. हो ना?

तर ऐका. अंगणातल्या नळाला पाइप लावा आणि मध्येच त्यावर पाय ठेवा. पाण्याची बारीक धार येतच राहील. त्या धारेवर तांब्या भरेल, पण गाडी धुवायला जोराचा फवारा हवा असेल, तर तो काही मिळणार नाही. बॅटरीच्या सैल टर्मिनलपाशी नेमकं असंच होतं.

आता थोडं गणित करू. मोटरसायकलची बॅटरी १२ व्होल्टची असते. ३५ वॅटचा हेडलाइट साधारण ३ अँपिअर प्रवाह घेतो. सेल्फची मोटर मात्र खादाड! तिला इंजिन ढकलायचं असतं, त्यामुळे ती क्षणभर ५० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त मागते. जर्मन शास्त्रज्ञ ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम तुम्ही शाळेत शिकता ना? प्रवाहाला रोधाने गुणलं, की किती व्होल्ट खर्च झाले ते कळतं. समजा, सैल जोडापाशी फक्त ०.१ ओहम रोध तयार झाला. हेडलाइटसाठी ३ गुणिले ०.१ म्हणजे ०.३ व्होल्ट गेले. दिव्याला पत्ताही लागत नाही! पण ५० अँपिअर वाहू लागले, तर ५ व्होल्ट तिथेच संपतात. उरलेल्या ७ व्होल्टवर सेल्फ कसा फिरणार? आणि गेलेल्या ५ व्होल्टचं काय होतं? त्यांची उष्णता होते. म्हणून सैल टर्मिनल कधीकधी चटका बसेल इतकं तापतं.

आता बोल्ट सैल होतो कसा, ते पाहू. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. त्या कंपनात आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांची भर! नट-बोल्ट हळूहळू ढिले पडतात. शिवाय बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल असतं. त्याचा अंश टर्मिनलपाशी झिरपला, की तिथे पांढरी-हिरवट पूड साचते. ती वीज नीट वाहू देत नाही.

हा नुसता शाळेला उशीर होण्याचा प्रश्न नाही बरं का! रात्री घाटात वळण घेताना बॅटरीची वायर क्षणभर सुटली आणि हेडलाइट गेला तर? जुन्या किकवाल्या काही गाड्या बॅटरीशिवायही चालत. भारतात १ एप्रिल २०२० पासून बी.एस. सहा नियम आले. तेव्हापासूनच्या बहुतेक मोटरसायकलींत पेट्रोल इंजेक्शनने जातं आणि त्याचा पंप विजेवर चालतो. तिथे जोड सुटला, तर चालतं इंजिनच बंद पडू शकतं.

मग रविवारी बाबांबरोबर किंवा ताईबरोबर एक काम करा. (एकट्याने मात्र मुळीच नाही हं!) किल्ली काढून घ्या. सीट किंवा बाजूचं झाकण उघडून बॅटरी शोधा. मोठ्यांना एकेक टर्मिनल हाताने हलवून पाहू द्या. जरासुद्धा हललं, की चोर सापडला! पाना लावून बोल्ट आवळायचा, पण शिसं मऊ असतं, तेव्हा फार जोर नको. पूड साचली असेल, तर वायरी काढून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसायचं, कोरडं करायचं, वायरी परत घट्ट बसवायच्या आणि वरून थोडी व्हॅसलीन लावायची. पूड हाताला किंवा डोळ्यांना लागू द्यायची नाही.

वायरी काढताना एक नियम पक्का लक्षात ठेवा: ऋण म्हणजे वजा खुणेची वायर आधी काढायची आणि सगळ्यात शेवटी लावायची. का? गाडीची सगळी लोखंडी चौकट या वजा टोकाला जोडलेली असते. ते टोक जोडलेलं असताना अधिक टोकावरचा पाना चौकटीला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तिथे ठिणगी नको आणि काडेपेटीही नको.

एवढं करूनही सेल्फ रुसलेलाच असेल, तर गॅरेजमधल्या काकांना मल्टीमीटर लावायला सांगा. सेल्फ दाबलेला असताना बॅटरीच्या टोकांवरच व्होल्ट मोजायचे. ते धाडकन ७-८ वर घसरले, तर बॅटरी उतरली आहे किंवा खरंच म्हातारी झाली आहे. ते १२ च्या आसपासच राहिले, तर बॅटरी निर्दोष! दोष पुढे कुठेतरी आहे, एखाद्या जोडात, वायरीत नाहीतर सेल्फमध्ये.

आता एक गणित तुमच्यासाठी. बोल्ट आवळल्यावर जोडाचा रोध ०.१ वरून ०.०१ ओहम झाला. सेल्फने तेच ५० अँपिअर घेतले, तर त्याच्या वाट्याला १२ पैकी किती व्होल्ट येतील? उत्तर काढा आणि नवी बॅटरी घ्यायला निघालेल्या कुणालाही आधी ते दाखवा!