आपल्या प्रभागाची नोंदवही आपण भरू या



२००२ च्या जैविक विविधता कायद्याच्या ४१ व्या कलमाने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमणे बंधनकारक केले आहे. खेड्यातल्या ग्रामपंचायतीपासून पुण्यासारख्या महापालिकेपर्यंत सगळ्यांना हा नियम लागू आहे. या समितीच्या हाती बुलडोझर नाही, पोलीस नाहीत, मोठा निधीही नाही. ती सल्ला देते. तिच्या हद्दीतल्या जैविक संसाधनांबद्दल निर्णय घेताना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने आणि राज्य जैवविविधता मंडळाने तिचे मत विचारायचे असते. तिचे मुख्य काम मात्र स्थानिक लोकांशी बोलून परिसरातल्या जैविक संसाधनांची आणि त्यांच्याबद्दलच्या ज्ञानाची लोकजैवविविधता नोंदवही तयार करण्याचे आहे. आजचे हे आवाहन या नोंदवहीसाठी आहे.

या नोंदवहीची कल्पना रुजवण्यात आपल्याच पुण्यात जन्मलेल्या परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांचा वाटा फार मोठा. ज्याला जंगल, नदी, शेत रोजच्या वापरातून कळते त्याचे ज्ञान कागदावर यावे आणि त्याला निर्णयात वजन मिळावे, हा त्यामागचा हेतू. कायदा झाला, २००४ मध्ये नियम आले, आणि मग बरीच वर्षे कामाला वेग आला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सांगितले की ३१ जानेवारी २०२० पर्यंत समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर फेब्रुवारीपासून राज्यांना महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील. त्यानंतर देशभर नोंदवह्या भराभर तयार झाल्या. आज त्यांची संख्या अडीच लाखांच्या पुढे आहे. इतक्या घाईच्या कामात पुस्तकातल्या याद्या येतात आणि माणसांच्या आठवणी बाहेर राहतात. शहरात तर हे आणखी सहज घडते, कारण शहरातल्या माणसाला निसर्गाबद्दल काही ठाऊक असेल असे कुणी धरूनच चालत नाही.

ते चूक आहे. विल्यम हेन्री साइक्स या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवरचा निबंध १८३९ मध्ये प्रसिद्ध केला. महसीरच्या ज्या जातीला शास्त्रज्ञ आज ‘टोर खुद्री’ म्हणतात, तिचे पहिले वर्णन त्यातले, आणि तिचा मूळ नमुना पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेच्या पात्रातला. साइक्सने इथली बोलीतली नावेच शास्त्रीय नावांत घेतली, म्हणजे त्याला मासे ओळखून देणारे इथलेच लोक होते. पुढे १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी केली. अशा कागदांमुळेच आज अभ्यासकांना ठामपणे सांगता येते की या नद्यांतून काय काय नाहीसे झाले. रामनदी, देवनदी, नागझरी, आंबिल ओढा, भैरोबा नाला यांच्या वाट्याला असे जुने, तपशीलवार कागद आले नाहीत. त्यांच्या काठी काय होते ते फक्त काठावर वाढलेल्या माणसांना ठाऊक आहे, आणि ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

ओढ्यांची नोंद हा काही पक्षी-फुलपाखरांच्या हौसेचा विषय नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या आणि पुणे परिसरात वीसहून अधिक माणसांचे प्राण गेले. ओढा पूर्वी कुठपर्यंत पसरत असे, कुठे करंज-उंबरांची दाटी होती, कुठे पाणथळ होते, बेडूक कुठे ओरडायचे, कोणत्या वळणावर दरवर्षी पाणी चढायचे, हे जुन्या रहिवाशांना विचारले असते तर त्यांनी हात करून दाखवले असते. नोंदवहीत जलस्रोतांचे आणि भूभागाचे तक्ते असतात. तुमच्या सोसायटीमागून वाहणाऱ्या ‘नाल्या’काठी उंबराचे झाड आणि खेकड्यांची बिळे आहेत हे तिथे लिहिले गेले, तर तो उद्या बंद पाइपात घालायच्या प्रस्तावावर समितीला काहीतरी बोलता येईल. लिहिलेच नसेल, तर समिती कशाच्या आधारावर बोलणार?

टेकड्यांचेही असेच. समाविष्ट तेवीस गावांच्या टेकड्यांवर साडेनऊशे हेक्टरांहून अधिक जमिनीवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. त्यासाठी पुणेकरांनी वर्षानुवर्षे हरकती घेतल्या, मोर्चे काढले, आणि तो वाद अजूनही मिटलेला नाही. टेकडी वाचवायला निघालेली माणसेदेखील कधीकधी टेकडी नीट पाहत नाहीत, हे माझ्या मनाला बोचते. उघडा माळ दिसला की तो ओसाड समजायचा आणि तिथे रोपे लावायची! गिरिपुष्पाची लागवड अशीच झाली आणि तिच्याखाली गवत उरले नाही. पुण्याच्या टेकड्या मुळात गवताच्या आणि विरळ झाडांच्या आहेत. सालई, मोई, गणेर, पावसाळ्यात खडकाच्या भेगेतून वर येणारी खर्पुडी, माळावर अंडी घालणारी टिटवी, चंडोल, हे सगळे त्या उघडेपणावर जगतात. वेताळ टेकडीवर रोज पहाटे फिरायला जाणारे हजारो लोक आहेत. त्यांच्यातल्या प्रत्येकाने वर्षभरात एकाच पायवाटेची नोंद ठेवली, तरी माळ म्हणजे काय हे कागदावर येईल.

झाडांच्या बाबतीत तर तुमच्या आठवणीला कायद्यात थेट किंमत आहे. १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते. परवानगीने झाड तोडायचे झाले, तर त्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावावी लागतात. म्हणजे सगळे वयावर अडते. बुंध्याच्या घेरावरून काढलेले वय अंदाजाचे असते. वडाचा, चिंचेचा, आंब्याचा घेर जागेप्रमाणे, पाण्याप्रमाणे बदलतो. पण वाडा बांधला तेव्हा चिंच लावली, पानशेतच्या पुरात, म्हणजे १९६१ साली, या पिंपळाच्या फांदीपर्यंत पाणी आले होते, हे सांगणारी आजी घरात असेल तर तिचे सांगणे लिहून ठेवा आणि जुन्या लग्नाच्या फोटोत मागे ते झाड दिसत असेल तर त्याची प्रत जोडा. झाड तोडण्याची नोटीस लागते तेव्हा हरकतीला मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत पुरावा शोधत बसायची वेळ येऊ नये.

कुणी लिहायचे? ज्यांच्या हातात कॅमेरा आणि मोबाइल आहे त्यांच्याकडून नोंदी येतीलच, आणि त्या हव्याच आहेत. पण माझे खरे आर्जव त्यांच्या शेजाऱ्यांना आहे. नदीकाठच्या वस्तीतले भोई बांधव, शहराच्या कडेला अजून मेंढरे फिरवणारे धनगर, पहिला पाऊस पडला की मुळशी-वेल्ह्याकडून टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली घेऊन मंडईत बसणाऱ्या मावश्या, बागांतले माळीकाका, जुन्या गावठाणांतले शेतकरी, ज्यांच्या विहिरी आता इमारतींखाली गेल्या. यांच्याकडे कुणी वही घेऊन जात नाही. शाळा-महाविद्यालयांच्या मुलांनी जावे. दोघे-तिघे मिळून जावे, चहा घ्यावा, घाई करू नये. सांगणाऱ्याने नाव जसे उच्चारले तसेच लिहावे. त्याचे प्रमाण मराठी किंवा शास्त्रीय नाव अभ्यासक नंतर शोधतील. जागा, तारीख, सांगणाऱ्याचे नाव (त्याची हरकत नसेल तर), पूर्वी किती दिसायचे आणि आता किती, एवढे पुरे.

दोन पथ्ये मात्र कसोशीने पाळा. औषधी पाला कसा वापरतात, किती मात्रा देतात हे सांगायचे की नाही, हा त्या वैदूचा किंवा त्या घराचा निर्णय आहे. आग्रह करू नये, आणि त्यांच्या होकाराशिवाय काहीही कुठे पाठवू नये. दुसरे, घुबडाचे घरटे, दुर्मीळ कंद अशांची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. ती फक्त समितीला द्या.

जमा झालेली पाने क्षेत्रीय कार्यालयाच्या आवक विभागात जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नावे द्या आणि पोच घ्या. सोबत एका अर्जाने महापालिकेची सध्याची नोंदवही पाहायला मागा. तिच्यात आपल्या प्रभागातले काय आहे आणि काय नाही हे वाचा, आणि वगळलेल्या गोष्टींची यादी लेखी द्या. आयुक्त दरवर्षी शहराच्या पर्यावरणाच्या सद्यःस्थितीचा अहवाल मांडतात, तोही वाचा. महापालिका प्रभागातल्या कामांसाठी अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना मागवते. ही प्रथा २००६ पासूनची आहे. तिथे बाकांची आणि फरशांची मागणी करताना ओढ्याकाठच्या देशी झाडांचीही करा. पोच घेतलेल्या अर्जाची एक प्रत मोहल्ला समितीच्या बैठकीत नगरसेवकांच्या हातात द्या आणि पुढच्या बैठकीत त्याचे काय झाले ते विचारा.

पावसाळ्याचे चार महिने या कामाला सर्वांत चांगले.