फुलपाखराचा फोटो काढलात? मग नोंदही करा!



पाऊस ओसरू लागला की आपल्याकडे फुलपाखरांचा बहर येतो. सप्टेंबर-ऑक्टोबर हे दोन महिने हातचे गेले, तर एवढी गर्दी पुन्हा पुढच्या पावसाळ्यानंतरच. म्हणून हे आवाहन आत्ताच.

मोबाइलवर टिपलेली फुलपाखरं स्टेटसला लागतात, चार ‘वा!’ मिळवतात आणि दुसऱ्या दिवशी विसरली जातात. व्हॉट्सॲपवर फिरताना फोटोतली जागेची माहितीही सहसा गळून पडते. २०१५ साली महाराष्ट्राने ‘ब्लू मॉरमॉन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला. पण ते तुमच्या गावच्या ओढ्याकाठी दिसतं का, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?

तेव्हा एवढं कराच:

• पंख उघडलेले आणि मिटलेले, दोन्ही फोटो घ्या. गवतातली इवली निळी फुलपाखरं मिटल्या पंखांवरच्या ठिपक्यांवरून ओळखावी लागतात.

• नाव ठरवण्याची घाई नको. रुईवर वाढणाऱ्या ‘प्लेन टायगर’ची हुबेहूब नक्कल ‘डॅनाइड एगफ्लाय’ची मादी करते. मागचा पंख नीट पाहा: ‘टायगर’च्या पंखाच्या मध्यावर काळे ठिपके असतात, हिच्या नसतात.

• तारीख आणि ठिकाण लिहाच. ऋतूनुसार रूपही बदलतं: ‘कॉमन इव्हिनिंग ब्राउन’च्या मिटल्या पंखांवर पावसाळ्यात डोळ्यांसारखे ठसठशीत ठिपके दिसतात; कोरड्या दिवसांत तेच फुलपाखरू वाळक्या पानासारखं होतं.

• मादी अंडी घालताना दिसली, तर झाडाचाही फोटो घ्या.

• फोटोसाठी फुलपाखरू पकडू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका, फांदी वाकवू नका.

• फोटो ‘आयनॅचरलिस्ट’ किंवा ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ या संकेतस्थळाकडे पाठवा. नाव येत नसलं तरी चालेल, जाणकार सांगतात. नेहमीचं, साधं फुलपाखरूही पाठवा. ते कमी होतंय का, हे अशा नोंदींवरूनच कळतं.

सोसायट्या आणि ग्रामपंचायतींना विनंती: दिवाळीच्या साफसफाईत रुई, टाकळा, गवत सरसकट कापू नका, एक कोपरा तसाच राहू द्या. कढीपत्त्यावर, लिंबावर अळ्या दिसल्या म्हणून लगेच फवारणी नको. अळ्याच मेल्या, तर फोटो कशाचे काढणार?

येत्या रविवारी ऊन चढू लागलं की तासभर बाहेर पडा, आणि रात्री झोपण्याआधी नोंद करून टाका.

आपले,
फुलपाखरू निरीक्षक मित्र